शाळेच्या खिचडीला स्वच्छतेचे गुण कोण देणार?

पोषण आहारातून विषबाधा झाल्याची बातमी कुठून तरी येते आणि पुढचे दोन-चार दिवस दवाखान्यात तोच विषय असतो. "डॉक्टरसाहेब, हॉटेलाला स्वच्छतेचे गुण देतेत म्हणं, मग लेकरांच्या खिचडीला का नाही?" असे झरीतल्या एका वडिलांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे.

आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची स्वच्छता गुणांकन योजना आहे. हॉटेल, बेकरी, मिठाईची दुकाने यांची तपासणी होते आणि एक ते पाच हसरे चेहरे असलेले प्रमाणपत्र मिळते. पण ही योजना ऐच्छिक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतले किचन शेड त्यासाठी स्वतःहून अर्ज करील, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. शालेय आहाराबाबत 2020 साली स्वतंत्र नियम आले. त्यांनुसार आहार पुरवणाऱ्यांना नोंदणी किंवा परवाना लागतो. नोंदणी असली म्हणजे स्वयंपाकघर स्वच्छ आहे असे मात्र होत नाही. ब्रिटनच्या बहुतेक भागांत शाळांच्या स्वयंपाकघरांनाही शून्य ते पाच गुण मिळतात आणि ते कोणालाही पाहता येतात. वेल्समध्ये तर 2013 पासून हे गुण दारावर लावणे सक्तीचे आहे.

मग आपणही तसेच करावे का? करावे. फक्त त्याने काय कळेल आणि काय कळणार नाही, हे आधी समजून घ्या.

माझ्याकडे एकदा दुपारी साडेतीनला चार मुले आली. जवळच्याच एका गावातली, एकाच शाळेतली. सगळ्यांना उलट्या, पोटात मुरडा, ताप कोणालाच नाही. जेवण दीड वाजता झालेले. इतक्या लवकर उलट्या सुरू झाल्या की आम्ही डॉक्टर तयार विषाचा संशय घेतो. म्हणजे जंतूंनी ते विष अन्नातच आधी सोडलेले असते. विचारपूस केल्यावर कळले की स्वयंपाक करणाऱ्या बाईंना लग्नाला जायचे होते, म्हणून भात सकाळी नऊलाच शिजवून पातेल्यात झाकून ठेवला होता. शेड स्वच्छ होते, भांडी घासलेली होती. तपासणी अधिकारी आदल्या दिवशी आला असता तर चांगलेच गुण देऊन गेला असता.

तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते उकळण्यानेही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. 'गरम करून वाढले होते' हे म्हणणे म्हणूनच फारसे उपयोगाचे नसते. हाताला पिकलेली जखम किंवा गळू असेल तर त्यातला स्टॅफिलोकोकस अन्नात जाऊन हेच करतो. दोन्ही प्रकारांत अन्नाला वास येत नाही, चव बिघडत नाही. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चव घ्यावी हा नियम चांगला आहे, पण या विषापुढे तो चालत नाही.

तो नियम दुसऱ्या संकटात कामी येतो. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधल्या गंडामन गावात शाळेचे जेवण खाऊन 23 मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. आपला भाग कापूस-सोयाबीनचा. फवारणीचे रिकामे डबे, कॅन घरोघरी पाण्याला, तेलाला वापरलेले मी पाहतो. धुऊन ते सुरक्षित होत नाहीत. शाळेत असा एकही डबा दिसला तर त्याच दिवशी बाहेर काढायला लावा, त्यासाठी कुठल्या गुणांकनाची वाट पाहू नका.

आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे पाणी. ज्या शाळेला नळच नाही तिला दोन गुण मिळाले तर चूक कोणाची? ती पाटी स्वयंपाकी बाईंच्या नावावर लागेल आणि हात धुवायला पाणी तरीही येणार नाही. माझ्या मते गुण द्यायचेच तर सोबत पाणी, गॅस आणि झाकणाची भांडी पुरवण्याची तारीखही लिहून द्यावी.

तोवर तुम्ही काय पाहाल? शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेव्हा एखाद्या दुपारी, न कळवता, जाऊन या. भात किती वाजता शिजला आणि किती वाजता वाढला, हे आधी विचारा. दोन तासांच्या वर अंतर असेल तर तेवढ्यावरच बोला. हात धुवायला साबण आहे का, स्वयंपाक करणाऱ्यांच्या हाताला जखम आहे का, मोड आलेली कडधान्ये कच्चीच देतात की वाफवून, हेही पाहा. जुलाब-उलट्या होत असलेल्या बाईंना त्या दिवसाचे मानधन न कापता सुट्टी मिळते का, हे कोणी विचारत नाही. सुट्टी मिळत नसेल तर त्या आजार लपवून कामावर येणारच.

मुलाला उलट्या झाल्याच तर ओआरएस थोडे थोडे पाजत राहा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मूल सुस्त झाले, लघवी होईना, शौचातून रक्त आले किंवा पोटात काहीच टिकेना, तर लगेच दवाखाना गाठा. तोंडातून लाळ गळणे, खूप घाम, श्वास लागणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे ही कीटकनाशकाची लक्षणे आहेत. तिथे घरगुती उपाय नको, मुद्दाम उलटी करवणेही नको. 108 ला फोन करा. उरलेले अन्न फेकू देऊ नका. झाकून थंड जागी ठेवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, कारण नमुन्याशिवाय दोष तांदळाचा, पाण्याचा की तेलाचा हे ठरवता येत नाही.

त्या चौघांपैकी तिघे संध्याकाळी घरी गेले, एकाला रात्रभर सलाईन लागले. त्याच्या आईने ठरवले होते की आता शाळेत जेवू द्यायचे नाही. मी तिला विचारले, "मग दुपारी तो काय खाणार?" ती शेतात मजुरीला जाते. पुढच्या आठवड्यात ती शाळेत गेली आणि भात किती वाजता शिजतो ते विचारून आली.