घरचा कारागीर : पहिला पान्हा हाती घेताना

महिन्याच्या जमाखर्चात किराणा, दूध, शाळेची फी आणि विजेचे बिल यांची जागा ठरलेली असते. गळणारा नळ, कुरकुरणारे दार किंवा अडून बसलेला पंखा यांच्या नावाने मात्र कुणी पैसे बाजूला काढून ठेवत नाही. हा खर्च न सांगता येतो आणि बहुधा महिनाअखेरीसच येतो. गंमत म्हणजे, त्यात वस्तूची किंमत नाममात्र असते. खरा खर्च होतो तो कारागिराच्या घरी येण्याचा. नळाचा रबरी वॉशर काही रुपयांत मिळतो, पण तो बसवून घेण्यासाठी त्याच्या कितीतरी पट मजुरी मोजावी लागते. त्यातच 'आज येतो, उद्या येतो' असे वायदे ऐकत आठ दिवस जातात आणि तोवर नळ गळतच राहतो.

म्हणूनच घरातली छोटी कामे स्वतः करायला शिकणे हा केवळ हौसेचा भाग नाही, ती खरीखुरी बचत आहे. मात्र सुरुवात कुठून करावी आणि कुठे थांबावे, हे आधी ठरवायला हवे.

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा

कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी एवढेच विचारा : 'हे काम चुकले तर काय होईल?' उत्तर 'थोडे पाणी सांडेल' किंवा 'एक स्क्रू वाया जाईल' असे असेल, तर बेलाशक काम सुरू करा. 'वस्तू खराब होईल' असे असेल, तर आधी कुणा जाणत्याला एकदा ते काम करताना पाहा. आणि उत्तर 'जिवावर बेतेल' असे असेल, तर ते काम आपले नव्हे. तिथे वाचवलेले पैसे ही बचतच नसते.

पेटीत काय असावे?

बाजारात चाळीस-पन्नास अवजारांच्या चकचकीत पेट्या मिळतात. सुरुवातीला त्यांच्या मोहात पडू नका. एक स्क्रू पान्हा, एक इन्सुलेटेड मुठीची पक्कड, सपाट आणि चौफुलीचा असे दोन स्क्रू ड्रायव्हर, लाइन टेस्टर, हातोडी, मोजपट्टी, टेफ्लॉन टेप आणि इन्सुलेशन टेप एवढे पुरेसे आहे. बाकीचे अवजार त्याची गरज पडेल त्या दिवशी घ्यावे. चार अवजारे कमी घ्या, पण चांगली घ्या. हलक्या लोखंडाचा पान्हा नटाचे कोपरे झिजवतो आणि मग सोपे कामही अवघड होऊन बसते.

श्रीगणेशा नळापासून

शिकाऊ हाताला सर्वात योग्य काम म्हणजे गळका नळ. प्रथम नुकसान किती आहे ते पाहा. नळाखाली भांडे ठेवून दहा मिनिटे मोजा. मिनिटाला अवघे १० मिलिलिटर पाणी गळत असेल, तर दिवसाकाठी १४ लिटरांहून अधिक आणि वर्षाला पाच हजार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण येथे उलट्या बाजूने खरी ठरते.

ज्या नळाची मूठ बरेच वेढे फिरवावी लागते, त्याच्या आत वॉशर असतो. आधी त्या नळाकडे येणारा कॉक बंद करा आणि नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडके टाका, म्हणजे एखादा स्क्रू आत जाणार नाही. नळावर कापड गुंडाळून मगच पान्हा लावा, त्यामुळे चकाकीवर ओरखडे पडत नाहीत. वरचा भाग सोडवून बाहेर काढला की स्पिंडलच्या तळाशी झिजलेला, कडक झालेला वॉशर दिसेल. तो घेऊनच दुकानात जा. 'अर्ध्या इंची द्या' असे अंदाजाने सांगण्यापेक्षा जुना नमुना दाखवलेला बरा. नवा बसवल्यावर नळ बेताने आवळा आणि कॉक हळूहळू उघडा.

पाणी तोटीतून न गळता मुठीच्या बुडाशी झिरपत असेल, तर दोष वॉशरचा नसून तेथील पॅकिंगचा असतो. तेथील नट किंचित आवळून पाहा. नवा वॉशर चार दिवसांत पुन्हा गळू लागला, तर ज्या बैठकीवर तो टेकतो तीच झिजलेली आहे असे समजा. अशा वेळी नळ बदलणेच शहाणपणाचे. पाव वेढ्यात उघडणाऱ्या नव्या पद्धतीच्या बहुतेक नळांत रबरी वॉशर नसतो, चिनी मातीसारख्या कठीण चकत्या असतात. त्यांचा आतला भाग सबंधच बदलावा लागतो.

हे सारे वाचून एखादी गृहिणी म्हणेल, 'छे, हे मला कसे जमणार?' पण कुकरची रिंग सैल झाली की ती कोण बदलते? मिक्सरच्या भांड्याचा वॉशर कोण पाहून आणते? तत्त्व तेच आहे : रबर कडक झाले की फट राहते. पक्कड बाबांच्या हाती आणि लाटणे आईच्या हाती, ही वाटणी आता पुरे. सुटीच्या दिवशी मुलगा आणि मुलगी दोघांनाही शेजारी उभे करून हे काम दाखवा.

पुढची सोपी कामे

बिजागरीचा स्क्रू लाकडात सैल झाला असेल, तर भोकात फेव्हिकॉल लावलेल्या गूल काढलेल्या आगकाड्या ठोकून भरा. सुकल्यावर तोच स्क्रू घट्ट बसतो. दार कुठे घासते ते कळण्यासाठी त्याच्या कडेला खडू लावून दार बंद करा. चौकटीवर जिथे खडू उमटेल तिथेच ते अडते. मात्र पावसाळ्यात फुगलेले दार रंधण्याची घाई करू नका. उन्हाळ्यात लाकूड पुन्हा आक्रसते आणि मग तिथे फट दिसू लागते. तोवर मेणबत्ती घासून काम भागवावे.

बोअरवेलच्या जड पाण्याने शॉवरची भोके क्षारांनी बुजली असतील, तर त्याची जाळी काढून काही तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. नवा शॉवर आणण्याचा खर्च बहुधा वाचतो.

विजेशी जपून

नुसता गुणगुणणारा आणि हाताने ढकलल्यावरच फिरणारा पंखा पाहिला की पुष्कळजण तो जळाला असे समजतात. साध्या छताच्या पंख्यात बहुतेक वेळा दोष असतो तो कपॅसिटरचा, आणि हा सुटा भाग स्वस्त असतो. एवढे ठाऊक असले तरी पंखाच बदलायला निघालेल्या माणसाला 'आधी कपॅसिटर पाहा' असे सांगता येते. काम स्वतः न करताही जाणकारीने पैसे वाचतात ते असे. कमी वीज खाणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्यांची रचना मात्र निराळी असते. त्यांना हा नियम लागू नाही.

विजेच्या कामात शिकाऊने फार तर बल्ब बदलावा किंवा भिंतीपासून अलग केलेल्या तीन पिनांच्या प्लगमधील सुटलेली वायर जागेवर बसवावी. प्लगमधील मोठी पिन अर्थिंगची असते. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग लावताना अर्थिंग आधी जोडले जाते आणि काढताना शेवटी सुटते. हिरवी वायर तिथेच जोडावी. ती जोडली नाही तरी इस्त्री चालते, म्हणून अनेकजण तिकडे दुर्लक्ष करतात. पण वीज इस्त्रीच्या पत्र्यात उतरली तर वाचवणारी वायर तीच असते.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. मेन स्विच बंद केल्यावरही दिवे-पंख्यांच्या तारांत इन्व्हर्टरची वीज खेळत असते. म्हणून तोही बंद करावा आणि तरीही टेस्टर लावून खात्री करावी. टेस्टर चालू आहे की नाही, हे आधी चालू सॉकेटवर तपासून घ्यावे. जुन्या घरांत फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात तांब्याची जाड तार घालण्याची युक्ती काहीजण करतात. ती घराला आग लावण्याची तयारीच होय. फ्यूज उडणे हा रोग नव्हे, ती सूचना आहे.

इथे हात आवरा

भिंतीतील वायरिंग, गीझर, मायक्रोवेव्ह आणि उंचावर लटकून करायची कामे जाणकारांवरच सोपवावीत. गॅसच्या रेग्युलेटरची दुरुस्ती घरी करू नये. सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का हे पाहणे आणि रबरी नळीची मुदत तपासणे एवढे आपले काम. वास आला तर गॅस बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवा. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा नवा आणावा. तात्पुरता जुगाड करू नये.

हिशेब मांडा

एका वहीत केलेले काम, सुट्या भागाची किंमत आणि वाचलेली मजुरी लिहित जा. समोर अवजारांचा खर्चही मांडा. सहा महिन्यांनी बेरीज केली की कोणते काम परवडते आणि कोणते उगाच अंगावर घेतले, ते आपोआप कळेल. चार तास खपून जेमतेम शंभर रुपये वाचत असतील, तर ते काम खुशाल कारागिराला द्यावे. तो आला की शेजारी उभे राहून पाहावे, विचारावे आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. चांगला प्लंबर आणि चांगला वायरमन ओळखीचा असणे हीदेखील घराची मिळकतच आहे.

येत्या रविवारी वही घेऊन घरभर एक फेरी मारा. काय गळते, काय कुरकुरते, काय हलते याची यादी करा आणि त्यातले सर्वात सोपे एकच काम निवडा. आणि हो, घरातला मुख्य कॉक आणि मेन स्विच कुठे आहे, हे त्याच दिवशी घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.