झाकणांची ओळ

शिरूर कासार तालुक्यातल्या एका अंगणवाडीत गेल्या भाद्रपदात तासभर बसलो होतो. बाकीची मुलं भातुकलीत दंग. चार वर्षांचा एक मुलगा मात्र भिंतीशी बसून बाटल्यांची झाकणं ओळीनं मांडत होता. हाक मारली तरी मान वर नाही. "येडंय जरा ते," आजी ओशाळून म्हणाली.

सेविकाताई त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि ओळीच्या शेवटी आपलं एक झाकण ठेवलं. त्यानं ते सरळ केलं, पुढं स्वतःचं ठेवलं. "पंधरा दिवस फेकून देत होता," ताई हळूच म्हणाल्या. जन्मभर बँकेत जमाखर्चाचे मेळ घालणाऱ्या मला त्याची तऱ्हा काही परकी वाटली नाही.

झाकणं हिसकावून त्याला भातुकलीत ढकललं असतं, तर तो रडला असता एवढंच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा महागड्या साहित्याऐवजी परिसरातल्याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या. कागदावरही आपण मागे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही जाहीर केली. लवकर ओळखा, सर्वांत मिसळून खेळवा, गरज पडल्यास पुढं पाठवा.

पण बीडमध्ये दसरा होतो आणि कोयता निघतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं; त्यातली एक फेरी तोडणीच्या महिन्यांत आली, तर मूल कारखान्याच्या कोपीवर असतं. हंगामी वसतिगृहं शाळकरी मुलांसाठी. चार वर्षांच्याला तिथं कोण घेणार? आणि ज्याला रोज तीच जागा, तेच माणूस, तीच वस्तू लागते, त्याचं सगळंच एका रात्रीत ट्रॅक्टरवर चढतं.

पोषण ट्रॅकरवर मुलाचं नाव दुसऱ्या अंगणवाडीत वर्ग करता येतं. बँकेत आम्ही खातं वर्ग करायचो, तेव्हा नमुना सहीचं कार्ड सोबत जायचं. इथं वजन-उंचीबरोबर एक पानभर मजकूर का जाऊ नये: हा काय खेळतो, कशाला घाबरतो, जवळ कसं बसावं? अर्थात फडाजवळ अंगणवाडी असेल तर. कारखाने उसाचं टनेज मोजतात. कोप्यांतली सहा वर्षांखालची मुलं मोजायला हंगामाच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस पुरेल.

दसऱ्यानंतर ताईंनी झाकणं पुरचुंडीत बांधून त्याच्या आईकडे दिली. आईनं ती भांड्यांच्या पोत्यात, वरच ठेवली.