इंजिनाची आरती, डबा भंगारात

जुन्या आगगाडीचे जतन म्हटले, की आमच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे इंजिनच उभे राहते. त्याला काळा रंग फासावा, पितळ घासावे, चौथऱ्यावर चढवावे आणि मुलांना पुढे उभे करून फोटो काढावा. झाले जतन! त्याच्यामागे जन्मभर फरफटत आलेला मालडबा मात्र लोखंडाच्या भावाने जातो.

मी बार्शीकडचा, म्हणून मला हे अधिकच लागते. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली धावू लागली, ती काही हौसेखातर नव्हे. बार्शीच्या पेठेतला कापूस मोठ्या लाइनीला नेऊन घालायचा होता. रुळांत अंतर अवघे अडीच फुटांचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची खरी अक्कल दिसली ती ओझ्याच्या हिशेबात. कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार नको, मग तो आस इंजिनाचा असो की डब्याचा. इंजिनसाहेबांनाही सवलत नाही! चार आसांचा डबा मालासकट २० टनांपर्यंत जाई आणि हलके रूळ शाबूत राहत. हा सरंजाम त्याने आधी लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून चालवून दाखवला होता.

कुणी म्हणेल, मास्तर, रिकाम्या डब्यात पाहायचे काय? वेल्समधल्या फेस्टिनिओगच्या लोकांना विचारा. त्यांची दोन फुटांहूनही अरुंद लाइन १८३६ साली पाटीच्या दगडासाठी निघाली. भरलेले डबे उतारावरून आपल्याच वजनाने बंदराकडे येत. रिकामे डबे घोडे वर ओढून नेत, आणि उतरताना तेच घोडे डब्यात उभे राहून ऐटीत खाली येत! बंद पडलेली ही लाइन हौशी लोकांनी १९५५ पासून पुन्हा चालवली. त्यांनी दगडाचे डबे राखले, आणि खास प्रसंगी ते इंजिनावाचून उतारावर सोडूनही दाखवतात. ब्रेकवाले वर बसलेले असतात.

माझे आजोबा कुर्डुवाडीला हमाल होते. छोट्या डब्यातली गाठ पाठीवर घ्यायची आणि मोठ्या डब्यात नेऊन टाकायची, हेच त्यांचे आयुष्य. इंजिनाला त्यांनी कधी हातही लावला नसेल. चौथऱ्यावरच्या त्या चकचकीत धुडापुढे मी माझ्या मुलीला उभे करून काय सांगू?

एक डबा ठेवा. दार उघडे असू द्या, आत कापसाची एक गाठ असू द्या. आणि कृपा करून त्याला रंग देऊ नका.