प्रतीक्षेचे पुराण : ‘क्रिस्तपुराणा’च्या अध्यापनाविषयी काही विचार

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव पदव्युत्तर वर्गात निघते ते बहुधा एकाच संदर्भात : त्यांनी केलेली मराठीची स्तुती. ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्याच अवस्वरूतील त्या मोजक्या ओव्या विद्यार्थ्यांना पाठ असतात आणि परीक्षेपुरते स्टीफन्स तेथेच संपतात. वास्तविक सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा विषय एका जन्माची वाट पाहणे आणि त्या जन्माचे चरित्र हा आहे. परक्याने आपल्या भाषेला दिलेले प्रशस्तिपत्र आपण जपून ठेवले. त्याने त्या भाषेत काय सांगितले, ते ऐकायचे मात्र राहून गेले. आपल्या वाचनपद्धतीतील ही उणीव दूर व्हावी, एवढ्यासाठी हे टिपण.

ख्रिस्ती उपासना-वर्षाचा आरंभ नाताळाने होत नाही. तो त्याआधीच्या चार रविवारांच्या ‘आगमनकाळा’ने होतो. या काळाचा रंग जांभळा, म्हणजे अंतर्मुखतेचा व पश्चात्तापाचा. येथे प्रतीक्षा दुहेरी असते : बेथलेहेमात एकदा होऊन गेलेल्या आगमनाचे स्मरण आणि युगान्ती होणाऱ्या आगमनाची आशा. ‘क्रिस्तपुराणा’ची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. छत्तीस अवस्वरूंचे ‘पैले पुराण’ विश्वोत्पत्ती आणि आदिमानवाचे पतन येथून निघून इस्राएलाच्या पिढ्यापिढ्यांच्या आकांक्षेपर्यंत येते. ख्रिस्तजन्म त्यानंतर, ‘दुसऱ्या पुराणा’त. कवीने श्रोत्याला इतका वेळ थांबवून ठेवले आहे, यास पाल्हाळ म्हणता येणार नाही. ती या कथेची गरज आहे. वाट न पाहता मिळालेला जन्म हा केवळ वृत्तान्त ठरला असता.

आता प्रश्न असा, की या पुराणात वाट पाहणारे कोण आहेत? स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. साष्टीत त्यांचे आयुष्य गेले आणि १६१६ मध्ये रायतूर येथे, रोमन लिपीत, हा ग्रंथ प्रथम छापला गेला. त्याआधी साष्टीतील देवळे पाडली गेली होती. त्या संघर्षातून १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले होते आणि त्याचा सूडही घेतला गेला होता. ग्रंथारंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? ही विचारणा कथेची केवळ चौकट आहे असे आपण मानतो. मला ती ग्रंथाची दुसरी प्रतीक्षा वाटते. इस्राएल तारणाऱ्याची वाट पाहत आहे आणि साष्टीचा श्रोता पुराणाची. पहिली प्रतीक्षा श्रद्धेची, दुसरी वंचिततेची. या दोहोंना एकाच ओवीने वाहून नेले आहे. म्हणून हा ग्रंथ धर्मसमन्वयाचे गोड उदाहरण म्हणून शिकवणे जितके अपुरे, तितकेच निव्वळ धर्मप्रचाराचे साधन म्हणून तो बाजूला सारणेही अपुरे आहे.

महाड-पोलादपूर परिसरातील विद्यार्थ्याला हे सारे परके वाटेल अशी शंका घेतली जाते. माझा अनुभव वेगळा आहे. शिवजन्माला विष्णूच्या अवताराचे रूप देणाऱ्या ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात दाखवली जाते. रामनवमीच्या कीर्तनात माध्यान्हीची घटका भरेपर्यंत थांबून राहिलेला श्रोता आणि मग हलणारा पाळणा हे विद्यार्थ्याने घरच्या गावी पाहिलेले असते. जन्माख्यानाचे शास्त्र त्याला पुस्तकाआधी ठाऊक असते. त्या ठाऊक असण्याच्या आधारानेच भेद स्पष्ट करता येतो. आपल्या जन्माख्यानांत बहुधा भाराने पीडित धरा देवांकडे जाते, अवतार राजकुळात होतो आणि पुन्हा पुन्हा होऊ शकतो. ख्रिस्तजन्म एकदाच होतो. मत्तयाच्या वंशावळीत दावीद राजा आहे, तशीच परकी रूथही आहे; पण बाळ ठेवले जाते ते गुरांच्या गव्हाणीत आणि वार्ता प्रथम पोचते ती रात्री रानात राखण करणाऱ्यांना. ‘मेंढपाळ’ हा शब्द सह्याद्रीच्या दांडांवरील गवळी-धनगरांच्या वाड्या पाहिलेल्या विद्यार्थ्याला किंचित दूरचा वाटेल. पण वस्तीबाहेर, जनावरांपाशी रात्र काढणारा माणूस त्याला दूरचा नाही.

याहून महत्त्वाचा धागा महाडचाच आहे. येथे २५ डिसेंबर ही तारीख नाताळाहून अधिक ओळखली जाते ती १९२७ मधील मनुस्मृतिदहनासाठी. या योगायोगातून कोणताही सिद्धान्त काढू नये. परंतु त्याच परिषदेच्या वेळी न्यायालयाचा मनाईहुकूम असल्याने चवदार तळ्यावर पुन्हा पाणी घेण्याचा सत्याग्रह दाव्याच्या निकालापर्यंत थांबवण्यात आला. तो दावा उच्च न्यायालयात अखेर निकाली निघाला १९३७ मध्ये. प्रतीक्षा म्हणजे हात जोडून बसणे नव्हे, हे ज्या गावाने पाहिले आहे, तेथे लूकच्या शुभवर्तमानातील मरियेचे स्तोत्र वाचून दाखवावे. जन्माला अजून अवकाश असताना ती तरुणी सत्ताधीश आसनावरून खाली आल्याचे, दीन वर उचलले गेल्याचे आणि भुकेले तृप्त झाल्याचे घडून गेल्यासारखे गाते. आगमनकाळाची ही भाषा भाविकाइतकीच साहित्याच्या अभ्यासकाचीही आहे. तिच्यातला क्रियापदांचा काळ तेवढा वर्गात तपासून पाहावा.

यावर आक्षेप असा येईल, की अभ्यासक्रमात एवढी जागा कोठे आहे? जागेपेक्षा प्रश्न सवयीचा आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण आवडीने शिकवतो. परंतु नारायण वामन टिळकांनी आरंभलेले आणि १९१९ मधील त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. ते प्रसिद्ध झाले १९३८ मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर. म्हणजे ख्रिस्तचरित्राच्या या दुसऱ्या मोठ्या मराठी प्रयत्नालाही प्रतीक्षा चुकली नाही. ‘ख्रिस्ती मराठी साहित्य’ असा वेगळा कप्पा करून आपण या ग्रंथांना मान दिला आणि संगतीला मात्र मुकवले.

माझी सूचना माफक आहे. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ‘क्रिस्तपुराणा’ची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा लिपीची अडचण कधीच उरलेली नाही. मराठीस्तुतीच्या ओव्यांच्या जोडीला पुराण मागणाऱ्या ब्राह्मणाचा प्रसंग आणि ‘दुसऱ्या पुराणा’तील जन्मकथा, एवढे तरी नेमावे, आणि ते रामजन्माच्या, कृष्णजन्माच्या आख्यानांशेजारी वाचावे. आपल्या भाषेची थोरवी कोणीतरी गायिली याचा आनंद एका तासात संपतो. त्या भाषेत चारशेहून अधिक वर्षांपूर्वी कोण कशाची वाट पाहत होते, हे समजून घेण्यास थोडे थांबावे लागेल.