गिअर पडत नाही म्हणजे गिअरबॉक्स गेला असे नाही

जुनी ऑटोमॅटिक मोटार दारात उभी आहे, असे घर आपल्या वाचकांत एखादेच निघेल. पण अशा गाड्या चालवणारे, पुसणारे, त्यांच्याखाली आडवे होऊन नट आवळणारे हात आपल्या घराघरांत आहेत. म्हणून या महिन्याचे पान त्यांच्यासाठी. भगिनींनी हे पान लगेच उलटू नये. दुरुस्तीचे बिल शेवटी घरातच येते, आणि बिलाआधी काय विचारायचे ते त्यांनाही ठाऊक असलेले बरे.

मुंबईला सवय होती ती हातगिअरची. प्रिमिअर पद्मिनीच्या स्टिअरिंगला लागून असलेला तो लांब दांडा आपल्यापैकी कित्येकांच्या अब्बांनी, मामूंनी आयुष्यभर ओढला. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. जुन्या अमेरिकन गाड्यांतही दांडा तिथेच असतो, म्हणून फियाटवर शिकलेल्या कारागिराला वाटते की आत तेच असेल. आत मात्र वेगळीच दुनिया आहे. ऑटोमॅटिक गिअर काही कालचा नाही. ओल्ड्समोबिलने तो १९३९ साली, १९४० च्या मॉडेलसाठी, बाजारात आणला. शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड १९५० चा. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून गाड्या जोडत होता, पण ऑटोमॅटिक गाड्या आपल्याकडे थोड्याच आल्या. म्हणून त्या उघडून पाहिलेले उस्तादही थोडेच, आणि त्यांनी जे जाणले ते कागदावर आले नाही.

क्लचचे पेडल नाही, मग गिअर बदलतो कोण? ऑइल. इंजिनावर फिरणारा पंप ऑइलला दाब देतो आणि तो दाब आतल्या क्लच प्लेटा व पट्टे आवळतो. कधी आवळायचे ते ठरते दोन निरोपांवर. गाडी किती वेगात आहे, हा एक निरोप. तो गव्हर्नर देतो. इंजिनावर किती जोर आहे, हा दुसरा. तो काही गाड्यांत रेसच्या दांडीवरून येतो, तर बऱ्याच गाड्यांत इंजिनाच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, एका रबरी नळीतून मॉड्युलेटर नावाच्या छोट्या डबीत पोहोचतो. यातला एक निरोप जरी चुकला, तरी चांगला धडधाकट बॉक्स वेड्यासारखा वागतो.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात आमच्या एका विद्यार्थ्याचे घर आहे. पुढे वाळत घातलेली जाळी, मागे उंच इमारती. त्याचे वडील त्यातल्याच एका इमारतीतल्या शेठची, साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली तीन गिअरची अमेरिकन गाडी सांभाळतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत राहायची, फार उशिरा झटका देऊन दुसरा पडायचा. पुढे पुढे तर इंजिन घुमायचे आणि गाडी जागची हलायची नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर. एका गॅरेजने पाहून सांगितले, बॉक्स उतरवावा लागेल आणि धूर आहे त्या अर्थी इंजिनही गेले. शेठ गाडी विकायच्या गोष्टी बोलू लागले. त्याहून वाईट म्हणजे, "तूच रगडलीस," हा ठपका या माणसावर आला. नोकरीचा प्रश्न होताच, त्याहून अठरा वर्षांच्या इमानदारीचा होता.

गाडीचे मूळ मॅन्युअल घेऊन ते आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, इंग्रजी तुम्ही वाचा, हात माझे चालतील." आम्हांला गाडी चालवता येत नाही, पण वाचता येते. दोन रविवार बसलो. ओळ वाचायची, मराठीत सांगायची, ते आपल्या वहीत उर्दूत उतरवून घ्यायचे. मॅन्युअल बॉक्स खोलण्याआधी चार बाहेरच्या गोष्टी बघायला सांगते, हे वाचल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे कोणी केलंच नाही."

पट्टी काढली तर ऑइल बरेच खाली. जमिनीवर मात्र एक थेंब नाही. मग ऑइल गेले कुठे? त्यांनी मॉड्युलेटरची रबरी नळी ओढून काढली आणि तिच्यातून लाल ऑइल टपकले. त्या नळीत हवा असायला हवी. डबीतला रबरी पडदा फाटला होता. इंजिन त्या नळीतून गिअरचे ऑइल पीत होते आणि जाळत होते, तोच पांढरा धूर. व्हॅक्यूमचा निरोप बिघडल्याने बॉक्सला वाटे की गाडी सतत चढावर आहे, म्हणून गिअर उशिरा आणि झटक्याने. शेवटी ऑइल कमी पडले आणि पकडच सुटली. दोन मोठी दुखणी सांगितली गेली होती. निघाली एकच डबी, जी त्या गाडीत बाहेरूनच फिरवून निघते. ती परदेशातून मागवावी लागली, पण बॉक्स उतरवण्याच्या खर्चापुढे ते पैसे किरकोळ. नळीही नवी टाकली. समुद्राच्या खाऱ्या हवेत नळ्या तडकतात आणि क्लिपा गंजतात, तेव्हा तिथल्या माणसाने त्या दर पावसाळ्यानंतर वाकवून पाहाव्यात.

ऑइल पाहण्याची रीत नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. गाडी फिरवून बॉक्स गरम केलेला. इंजिन चालू. ब्रेक दाबून दांडा सगळ्या खाचांतून एकदा फिरवायचा आणि मॅन्युअल सांगेल तिथे, कुठे 'पी'त कुठे 'एन'मध्ये, ठेवून मगच पट्टी काढायची. इंजिन बंद असताना मोजू नये. उभ्या गाडीत वरचे ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते आणि पट्टी जास्त दाखवते. मग कोणी शहाणा ते काढून टाकतो आणि नवेच दुखणे सुरू होते. उलट, जास्त भरले तर फेस होतो आणि फेसाला दाब धरत नाही. महिनाभर उभी राहिलेली गाडी पहिल्यांदा 'डी'त टाकल्यावर थोडी थांबून हलली, तर त्यातही घाबरण्यासारखे सहसा काही नसते.

पट्टी पांढऱ्या कागदावर पुसा. लाल आणि स्वच्छ असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास असेल तर प्लेटा घासल्या आहेत. काश्मिरी चहासारखे दुधाळ गुलाबी असेल तर रेडिएटरमधले पाणी आत शिरले आहे. अशी गाडी चालवू नका, आधी गळती बंद करा. धातूचा चुरा चमकत असेल तर मात्र बॉक्स उघडल्यावाचून गत्यंतर नाही, आणि तसे सांगणारा कारागीर खोटे बोलत नाही.

दांड्याचे बुशही झिजतात. काटा 'डी'वर दिसतो, पण खाली बॉक्सचा हात खाचेत पुरता बसलेला नसतो. गाडी 'पी'त स्टार्ट होत नाही आणि दांडा जरा हलवला की होते, ही त्याची खूण. खाली शिरण्यापूर्वी गाडी घोड्यांवर चढवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही आत जाऊ नये, पोरांना तर बिलकुल जाऊ देऊ नये.

मच्छीमार नगरातली ती गाडी आता वेळेवर गिअर बदलते. रिव्हर्स अजून जरा उशिराने लागतो. आतले सील जुने होऊन कडक झाले असावेत, ते कधीतरी बदलावेच लागतील. शेठनी विकायचे तूर्त थांबवले आहे आणि गाडीची 'व्हीए' नोंदणी करायचे मनात घेतले आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ती मिळते. मात्र त्या नंबरावर गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही.

वहीत शेवटची नोंद टोचनाची आहे. इंजिन बंद तर पंप बंद, आणि मागची चाके फिरत राहिली तर बॉक्स आत कोरडाच घासतो. म्हणून ऑटोमॅटिक गाडी दोरीने लांबवर ओढायची नाही. मागची चाके उचलून न्यायची, नाहीतर सरळ मोठ्या गाडीवर चढवून.