दोन कात्र्या

चित्रपटाला दोन कात्र्या लागतात. एक सेन्सॉर मंडळाची, दुसरी संकलकाची. पहिली काढून टाकते, दुसरी जोडते. आमचा ख्रिस्ती समाज गेली अनेक वर्षे पहिल्या कात्रीच्या नावाने हाका मारीत आला आहे. दुसरीकडे त्याचे लक्षच गेलेले नाही. आमचे म्हणणे असे की, रुपेरी पडद्यावर आपली जी प्रतिमा उभी आहे ती ह्या दुसऱ्या कात्रीची करणी आहे, आणि तिच्यावर पहिल्या कात्रीचा काहीही इलाज चालत नाही.

२००६ साली 'द दा विंची कोड' आला तेव्हाचा गदारोळ वाचकांच्या स्मरणात असेल. निवेदने गेली, निदर्शने झाली, गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली. यथावकाश सारे शांत झाले आणि आम्ही पुन्हा आपापल्या घरी दूरचित्रवाणीसमोर जाऊन बसलो. तेथे कोणता तरी जुना हिंदी चित्रपट चालू होता. त्यात रॉबर्ट नावाचा तस्कर होता, किटी नावाची नर्तकी होती, आणि आम्ही शेंगदाणे खात ते पाहत होतो. परदेशी कादंबरीतील कल्पना आम्हांला झोंबल्या. आमच्याच नावांचा दोन पिढ्या चाललेला हा वापर मात्र कोणालाही खटकला नाही.

तो का खटकला नाही, हे समजण्यासाठी चित्रपटाचे व्याकरण थोडे पाहावे लागेल. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव कुलेशॉव्ह ह्या रशियन दिग्दर्शकाने केलेला एक प्रयोग सांगितला जातो. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा त्याने तीन ठिकाणी जोडला : एकदा सूपच्या बशीशेजारी, एकदा बालकाच्या शवपेटीशेजारी, एकदा सुंदर स्त्रीशेजारी. प्रेक्षकांना तोच चेहरा एकदा भुकेला, एकदा शोकाकुल, एकदा आसक्त भासला. चेहऱ्याला अर्थ दिला तो शेजाऱ्याने. म्हणून पडद्यावर क्रूस दिसला एवढ्याने मान झाला किंवा अपमान झाला, असे म्हणता येत नाही. त्या क्रूसाच्या आधी काय आले आणि नंतर काय आले, हा खरा प्रश्न आहे.

ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९७२ सालचा 'द गॉडफादर'. मायकेल कोर्लिओनी आपल्या भाच्याचा धर्मपिता म्हणून ख्रिस्तमंदिरात उभा आहे. धर्मगुरू बाप्तिस्म्याचे प्रश्न विचारतात. सैतानाचा त्याग करतोस काय, असे विचारले जाते आणि त्याच क्षणी दृश्य बदलते. मायकेलच्याच हुकुमाने शहरात त्याचे शत्रू गोळ्यांना बळी पडत आहेत. पुन्हा ख्रिस्तमंदिर, पुन्हा प्रश्न, पुन्हा होकार. ऑर्गनचे सूर मात्र दोन्हीकडे अखंड चालू राहतात. एखाद्या भाविकाला ही संस्काराची विटंबना वाटेल. आमचे मत नेमके उलट आहे. येथे संस्काराला त्याचे पूर्ण वजन दिले आहे. ते प्रश्न खरे आहेत म्हणूनच ती उत्तरे भयंकर वाटतात. संकलकाने जो न्याय केला आहे तो त्या माणसाचा. संस्कार तेथे न्यायाधीशाच्या जागी आहे. एखाद्या सेन्सॉरने ख्रिस्तमंदिराचा मान राखण्यासाठी तो प्रसंग कापला असता, तर त्या चित्रपटातील सर्वांत धर्मनिष्ठ भागच गेला असता.

आता आपल्या घरचा, सर्वांच्या आवडीचा 'अमर अकबर अँथनी' (१९७७) घ्या. मनमोहन देसाई ह्यांचा हा चित्रपट सद्भावनेने केलेला आहे, ह्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. प्रारंभीच्या रक्तदानाच्या प्रसंगात तीन भाऊ तीन खाटांवर पडले आहेत. प्रत्येकाच्या नावापाठोपाठ त्याच्या धर्माचे मंदिर दाखवले जाते आणि तिघांचे रक्त एकाच वेळी एका स्त्रीच्या देहात जाते. वैद्यकशास्त्र काहीही म्हणो, संकलनाने तिघांना समान माप दिले. परंतु कथा पुढे सरकली की माप बदलते. अमरच्या अंगावर पोलिसाचा गणवेश येतो, अकबरला कव्वाली मिळते आणि अँथनीच्या वाट्याला येतो दारूचा अड्डा. कायदा एकाकडे, कला दुसऱ्याकडे, बाटली तिसऱ्याकडे! अँथनी प्रेमळ आहे, श्रद्धाळू आहे, आम्हांलाही तो हसवतो. पण पडद्यावरील आपले खाते हे असे उघडले गेले, हे हसता हसता ध्यानात ठेवावे.

ह्याच चित्रपटात पास्काच्या मेजवानीत अंड्यातून बाहेर येणारा नायक जे नाव सांगतो, ते एका खऱ्या माणसाचे होते. अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे गोव्याच्या माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद-रचनाकार. संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल ह्या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य, आणि गुरूबद्दलच्या प्रेमानेच ते नाव गाण्यात आले. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद ह्यांचा मेळ घालण्यासाठी ह्या माणसाने १९५८ साली स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. हिंदी चित्रपटाच्या संगीतामागे गोव्याच्या अशा कितीतरी कॅथलिक वादकांचे हात होते. नाव सर्वतोमुखी झाले. त्या नावाचा तपस्वी चौकटीबाहेरच राहिला. प्रतिनिधित्वाचा प्रश्न म्हणतात तो हा : कोणाला चौकटीत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले.

तिसरी गोष्ट संकेतांची. प्रत्येक चित्रप्रकाराचे काही ठरीव नियम असतात आणि प्रेक्षक ते न सांगता पाळतो. रहस्यपटात क्लब हवा, क्लबात नर्तकी हवी, आणि तिचे नाव घरंदाज नायिकेसारखे असून चालत नाही. 'गुमनाम' (१९६५) मध्ये हेलनचे नाव किटी, 'तीसरी मंझिल' (१९६६) मध्ये रूबी, 'कारवाँ' (१९७१) मध्ये मोनिका. किटी आणि रूबी ह्या दोघींनाही चित्रपट संपण्यापूर्वी मरण येते, कारण नायकाचा संसार ज्या नायिकेशी व्हायचा तिची वाट मोकळी करणे हे अशा पात्रांचे नेमून दिलेले काम. ह्यात कोणी द्वेष करीत नसतो. संकेत असाच बेमालूम चालतो, म्हणून तर तो द्वेषापेक्षा चिवट असतो. त्याचे मोल मात्र आमच्या कन्यांनी मोजले. मोनिका, रूबी ही आमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतली नावे. नोकरीच्या ठिकाणी, रेल्वेच्या डब्यात त्या नावांकडे कोणत्या नजरेने पाहिले जाई, हे त्या पिढीतील भगिनींना विचारावे.

आणि पडद्यावरचा ख्रिस्ती मराठी का बोलत नाही? लाल लुगडे नेसणारी कुपारी आजी, वाडीत राबणारा वाडवळ शेतकरी, रविवारी मराठी मिस्साला उभे राहणारे कुटुंब, हे हिंदी पडद्याला जणू ठाऊकच नाही. पडद्यावरचा धर्मगुरू पांढऱ्या झग्यात 'माय सन' म्हणत पापनिवेदनाच्या जाळीआड बसलेला असतो. हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या जाळीत मावत नाहीत. मावणारा धर्मगुरू पाहायचा असेल तर रॉसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' (१९४५) पाहावा. त्यातील डॉन पिएत्रो मुलांबरोबर फुटबॉल खेळतो, क्रांतिकारकांना आसरा देतो आणि शेवटी गोळी झेलतो. सिनेमाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने जी पंचेचाळीस चित्रपटांची यादी केली, तीत तो आहे.

काही बांधव म्हणतील, करमणुकीला एवढे काय मनावर घ्यायचे? त्यांना आमचे उत्तर असे की, ख्रिस्तसभेने ते मनावर घेतले आहे. १९३६ साली पोप अकरावे पायस ह्यांनी चित्रपटांवर स्वतंत्र परिपत्रक काढले, तेव्हा भर होता तो अहितकर चित्रपट टाळण्यावर. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने समाजसंपर्क माध्यमांवरील आदेशपत्रात तरुणांना ह्या माध्यमांचे शिक्षण देण्यास सांगितले आणि १९७१ च्या मार्गदर्शिकेने तोच धागा पुढे नेला. वर्जनाकडून शिक्षणाकडे असा हा प्रवास आहे. आम्ही मात्र अद्याप १९३६ सालीच थांबलो आहोत, आणि तेही केवळ मोर्चाच्या दिवशी.

तेव्हा आमची मागणी सरकारकडे नाही, धर्मग्रामाकडे आहे. युवकांच्या मेळाव्यात आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात महिन्यातून एकदा चित्रपटाचा एक तुकडा दाखवावा, तो थांबवावा आणि तीन प्रश्न विचारावेत : ह्या दृश्याच्या शेजारी कोणते दृश्य जोडले आहे? चौकटीबाहेर कोण राहिले? हे पात्र असे वागते ते स्वभावाने, की चित्रप्रकाराच्या सवयीने? हे प्रश्न इतरांच्या चित्रणालाही लावावेत. अकबरला कव्वालीखेरीज दुसरे काही का मिळाले नाही, हेही आमच्या मुलांनी विचारले पाहिजे. ज्याला हे प्रश्न सुचतात त्या तरुणाला दुसऱ्यासाठी चित्रपट बंद करून मागावा लागत नाही. त्यांतलाच एखादा उद्या संकलकाच्या आसनावर बसेल. ती दुसरी कात्री आमच्याही हातांत येऊ शकते. तिच्यासाठी मोर्चा लागत नाही, अभ्यास लागतो.