तिकीट पाच डॉलर, वयाची अट नाही

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या बँडचे तीन कार्यक्रम झाले आणि ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’ हा शब्द आपल्याकडे सरकारी भाषणांतही ऐकू येऊ लागला. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची अधिकृत तिकिटं, त्यावर चाललेला काळाबाजार, हॉटेलांचे चढलेले दर यांची चर्चा भरपूर झाली. एक प्रश्न मात्र मागेच राहिला. गाण्यावर एवढा जीव टाकणारा श्रोता मुळात तयार होतो कुठे? माझं म्हणणं असं, की तो स्टेडियममध्ये तयार होत नाही, तिथे तो पोहोचतो. तयार होतो तो लहानशा जागेत, खिशाला झेपेल अशा तिकिटात आणि बहुधा विशीच्या आत. या तिन्ही गोष्टी आपोआप टिकत नाहीत, कुणीतरी त्या ठरवून राखाव्या लागतात. त्या राखल्या तर काय उभं राहतं, हे वॉशिंग्टन शहरातल्या फुगाझी या इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र असलेल्या, रॉक बँडकडे पाहिलं की कळतं.

इयन मॅकाय, गी पिचोटो, जो लॅली आणि ब्रेंडन कँटी या चौघांचा हा बँड. १९८७ मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला आणि २००२ नंतर त्यांनी एकत्र जाहीर कार्यक्रम केलेला नाही. मधल्या पंधरा वर्षांत देशोदेशी मिळून हजाराहून अधिक कार्यक्रम झाले. तिकीट साधारण पाच डॉलर, आणि वयाची अट नाही. नावाचे टी-शर्ट छापून विकणं त्यांनी टाळलं. वॉशिंग्टनमधले कार्यक्रम बहुतेक करून एखाद्या सामाजिक कामाच्या मदतीसाठी किंवा विनामूल्य असत. गाण्यांची यादी आधी ठरलेली नसायची; एकाने सूर लावला की बाकीचे त्याला जाऊन मिळत. समोरच्या गर्दीत कुणी धक्काबुक्की करू लागलं, तर वादन थांबवून त्याला समज दिली जाई आणि तरीही ऐकलं नाही, तर त्याचे पाच डॉलर परत करून त्याला बाहेर काढलं जाई. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिकीट स्वस्त ठेवलं की कार्यक्रमाला बेशिस्त येते, असं आपल्याकडे सर्रास गृहीत धरलं जातं. इथे उलट घडत होतं. पैसे परत देणं बँडच्या हातात होतं, म्हणून शिस्तही त्यांच्याच हातात राहिली आणि अंगाने लहान असलेल्या मुलामुलींनाही पुढच्या रांगेत उभं राहता आलं.

वयाच्या अटीची गोष्ट याहून जुनी आहे. १९८० मध्ये मॅकाय ज्या टीन आयडल्स या पोरसवदा बँडमध्ये होता, तो कॅलिफोर्नियाच्या दौऱ्यावर गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये वय कमी असलेल्यांच्या हातावर काळ्या शाईने मोठी फुली मारत, म्हणजे बारवाल्याला कळावं की याला दारू द्यायची नाही. गाणं मात्र त्याने खुशाल ऐकावं. मुलांनी परत येऊन हीच पद्धत वॉशिंग्टनच्या क्लबचालकांना सुचवली आणि बंद असलेलं दार उघडलं. टीन आयडल्स लवकरच फुटला. साठलेले पैसे वाटून घेण्याऐवजी त्यांनी एक छोटी रेकॉर्ड काढली, आणि तिच्यासाठी निघालेली डिसकॉर्ड ही कंपनी पुढे फुगाझीचं घर झाली. सुरुवातीच्या रेकॉर्डांची पाकिटं या मुलांनी हाताने कापून, दुमडून, डिंकाने चिकटवली होती. हातावर फुली मारून आत शिरलेल्या पोरांनी काही वर्षांत स्वतःचं प्रकाशन उभं केलं. त्यांना वय भरेपर्यंत बाहेर थांबवलं असतं, तर हे घडायला त्या शहरात दुसरं कोण होतं?

आता गाण्याबद्दल. तत्त्वं चोख आणि गाणी सुमार असती, तर या बँडवर लेख लिहायचं कारण नव्हतं. ‘वेटिंग रूम’ हे त्यांचं १९८८ मधलं गाणं ऐकून पाहा. लॅलीचं बास गिटार एकटंच सुरू होतं, ड्रम आणि गिटार त्याला मिळतात, चाल अंगात भिनू लागते आणि अचानक सगळं थांबतं. काही क्षण पूर्ण शांतता, मग सगळे एकदम त्याच ठेक्यावर परततात. रेकॉर्डवर ती शांतता रिकामी आहे; प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांत तिथे श्रोत्यांचा आवाज भरलेला असतो. गाण्यातली ती जागा जणू त्यांच्यासाठीच राखून ठेवलेली. नाद तरी किती असावा! ‘इन ऑन द किल टेकर’ या १९९३ च्या अल्बमची गाणी त्यांनी आधी शिकागोला जाऊन स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाकडे ध्वनिमुद्रित केली, ती मनाला पटली नाहीत, म्हणून घरच्या स्टुडिओत पुन्हा पहिल्यापासून केली. २००१ चा ‘द आर्ग्युमेंट’ हा शेवटचा अल्बम तर मला त्यांचा सर्वांत श्रीमंत वाटतो. त्याच्या शांत जागा आधीच्या कुठल्याही गोंगाटाइतक्याच ताकदीच्या आहेत. आणि २०११ मध्ये त्यांनी आपल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं लोकांसाठी खुली करायला घेतली. आठशेहून अधिक कार्यक्रम जपून ठेवलेले, सुचवलेली किंमत पुन्हा पाच डॉलर. बऱ्याच नोंदींत किती लोक आले आणि दारावर तिकीट किती होतं, हेही आहे. चाहत्यांनी पाठवलेले फोटो आणि पत्रकं त्यांना जोडलेली आहेत. एवढा मोठा संग्रह केवळ बँडच्या आवडीवर उभा राहत नाही, त्याला जपणारे आणि ऐकणारे लागतात.

स्वस्त तिकिटावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पोटाचा आहे. कलावंताने पाच डॉलरवर जगायचं कसं? फुगाझीचं उत्तर खर्चाच्या बाजूने होतं. मॅनेजर नाही, कार्यक्रम ठरवायचं काम स्वतःकडे, प्रवास साध्या व्हॅनने, सोबत मोजकी माणसं. डिसकॉर्डमध्ये लेखी करार नसत, नफा वाटून घेतला जाई. हजार माणसांची खोली भरली की पाच डॉलरचेही पाच हजार होतात, आणि पुढच्या काळात त्यांच्या खोल्या भरतच होत्या. तरीही या आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. त्या काळी रेकॉर्ड आणि सीडी विकल्या जात, घर त्यावर चालत असे. आज स्ट्रीमिंगमधून छोट्या बँडच्या हाती फारच थोडं पडतं. म्हणून आजच्या बँडला ‘तुम्हीही तिकीट उतरवा’ असं सुनावणं मला अन्यायाचं वाटतं. तिकीट उतरायचं असेल, तर सभागृहाचं भाडं उतरायला हवं, आणि ते काम कलावंताचं नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की मोठ्या कंपनीपासून स्वतंत्र असणं म्हणजे काही पुण्य नव्हे. बरोबर आहे. आर.ई.एम.ने १९८८ मध्ये वॉर्नर या बड्या कंपनीशी करार केला आणि त्यानंतरही उत्तम गाणी केली. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ मोठ्या कंपनीकडूनच आला. पण कंपनी बदलली तरी हे दोन्ही बँड घडले ते छोट्या क्लबांत आणि महाविद्यालयीन रेडिओच्या आधाराने, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे हे सगळं परकं नाही. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. धोबी तलावच्या रंगभवनात कॉलेजची मुलं उघड्यावर उभी राहून देशभरचे बँड ऐकत. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातलं संगीत थांबलं. रुग्णालय आणि शिक्षणसंस्थांच्या शेजारी ते नियम योग्यच होते, चूक झाली ती पर्यायी जागा न देण्यात. मग इंडी संगीत पबमध्ये गेलं. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं ही वयाची मर्यादा आहे, त्यामुळे ज्या वयात गाणं आयुष्यभरासाठी मनात घर करतं, त्याच वयाच्या मुलाला अनेकदा दारावरूनच परत पाठवलं जातं. जो आत जातो, त्याला गाण्याबरोबर जेवण-दारूचं बिलही भरावं लागतं. दारूच्या विक्रीवरच पबचं भाडं निघतं, त्यामुळे पबचालकाला दोष देण्यात अर्थ नाही. प्रायोगिक मराठी नाटकाची सत्तरच्या दशकात अशीच कोंडी झाली होती, तेव्हा दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाने ती फोडली. साधी खोली, कमी तिकीट, ऐकायला-पाहायला आलेली तरुण मंडळी. त्यातून नटही घडले आणि प्रेक्षकही.

तेव्हा ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’वर बोलणाऱ्यांनी स्टेडियमच्या परवान्यांबरोबर एवढंही पाहावं. महापालिकांकडे सभागृहं आहेत, शाळांचे हॉल रविवारी संध्याकाळी रिकामे असतात. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकबंदीतूनही बंदिस्त सभागृहांना सूट आहे, आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत तर तो प्रश्नही येत नाही. मराठी नाटकाला सवलतीचं भाडं देण्याची पद्धत आपण स्वीकारलेलीच आहे. तीच सवलत नव्या गाण्यांच्या बँडना द्यावी, बदल्यात दोनच अटी घालाव्यात: तिकीट दीडशे रुपयांच्या आत आणि प्रवेशाला वयाचं बंधन नको. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर यांपैकी कुठल्याही एका महापालिकेने आपलं एक सभागृह महिन्यातून एका रविवारी यासाठी ठेवलं, तरी वर्षाला बारा कार्यक्रम होतात.